कार्ब्युरेटरातला बर्फ आणि मिस्त्रीचा हात

आधीच सांगून टाकतो, तो माझ्यापेक्षा चांगला कारागीर होता. हे एवढं वाक्य कागदावर उतरायला माझे केस पांढरे व्हावे लागले, आणि आताही मी ते राजीखुशीनं लिहितो आहे असं नाही. त्यानं माझं काही वाकडं केलं असतं तर बरं झालं असतं. चार शिव्या घालून मी मोकळा झालो असतो. त्यानं वाकडं केलं नाही, आणि मी आजवर त्याचा हेवा करत बसलो.

लढाईचे दिवस होते. सोनेगावच्या रस्त्याला एक पत्र्याची शेड होती आणि शेडमध्ये लोखंडी घोड्यावर बसवलेलं एक इंजिन. ते कुठल्या गाडीला जोडलेलं नव्हतं, कुठे जायचंही नव्हतं. दिवसभर ते जागच्या जागी चालवायचं आणि ते केव्हा बंद पडतं याची वाट पाहायची, एवढंच आमचं काम. इंजिन बंद पडलं की आम्ही घड्याळ पाहून वहीत लिहायचो. घरी हे सांगितलं तेव्हा काका म्हणाले, "अरे, बंद पडणारी इंजिनं पाहायला पगार कशाला लागतो? आमच्या गल्लीत उभा राह्य."

भानगड अशी होती की पावसाळ्यात विमानं वर गेली की त्यांची इंजिनं घुटमळायची. कार्ब्युरेटरात बर्फ धरतो म्हणून. नागपुरात आणि बर्फ, यावर सगळे हसायचे. पण पेट्रोल उडतं तेव्हा आजूबाजूची ऊब ओढून घेतं. हातावर स्पिरिट सांडलं की गार लागतं, तसंच. हवेत ओल असली की ती कार्ब्युरेटरच्या गळ्यात गोठते, हवेची वाट अडते आणि इंजिन खोकून थांबतं. कडाक्याची थंडी त्याला लागत नाही, दमट हवा पुरते. हलकं पेट्रोल भराभर उडतं म्हणून बर्फ लवकर धरतो, जड पेट्रोलला वेळ लागतो. आणि पेट्रोलमध्ये थोडं स्पिरिट मिसळलं तर बर्फ धरतच नाही, निदान उशिरा धरतो. ते नेमकं किती मिसळायचं हे आमच्या साहेबाला ठरवायचं होतं.

साहेब विलायतेचा, पण जुगाड करण्यात पक्का नागपुरी झालेला. दमट गार हवा हवी म्हणून त्यानं इंजिनाच्या तोंडाशी एक मोठी लाकडी पेटी केली. तिच्यात बर्फाच्या कारखान्यातून टांग्यानं आणलेल्या लाद्या ठेवायच्या, आणि पुढे उन्हाळ्यात आपण दाराला लावतो त्याच वाळ्याच्या ताट्या, भिजवून. ताट्यांतून येणारी हवा इंजिन ओढायचं. भर सप्टेंबरच्या उकाड्यात त्या शेडमध्ये वाळ्याचा वास असायचा आणि कार्ब्युरेटरवर पांढरी बुरशी धरावी तसा बर्फ दिसायचा. खिडकीएवढी काच बसवली होती तिथे. मी तासन्‌तास त्या काचेला डोळा लावून बसलेलो आहे.

कामावर आम्ही दोघं होतो. मी इंटर सायन्स झालेला, नागपूरच्या महाल भागातला, वडील सेक्रेटरिएटात कारकून. कॉलेज अर्धवट सोडून इथे आलो म्हणून वडील सहा महिने धड बोलत नव्हते. नंतर "पोरगा प्रयोगशाळेत आहे" असं ते लोकांना सांगू लागले, आणि माझ्याशीही बोलू लागले. दुसरा मिस्त्री. रामटेककडचा शेतकऱ्याचा मुलगा, माझ्याहून दोनतीन वर्षांनी मोठा. मराठी चार इयत्ता, आणि मग धान गिरणीच्या ऑइल इंजिनावर दहा वर्षं. मी त्याला मिस्त्री म्हणायचो, तो मला बाबू. याच्या पलीकडे आम्ही फारसं बोलत नव्हतो. म्हणजे तो बोलायला यायचा, मीच वहीत मान घालायचो.

साहेबानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की पावसाळा संपला की शेडमध्ये एकच माणूस कायम राहील. दुसऱ्याला लॉऱ्यांच्या यार्डात जावं लागेल. यार्ड म्हणजे दिवसभर लॉरीखाली उताणं पडून तोंडावर ग्रीस झेलणं. माझ्या वडिलांच्या प्रयोगशाळेचा तिथे निकाल लागला असता. ते पुन्हा बोलायचे थांबले असते, आणि या खेपेला कदाचित कायमचे.

मला खात्री होती की जागा माझी. थर्मामीटर मी वाचत होतो. वही मी लिहीत होतो, इंग्रजीत, तांबड्या-निळ्या शाईनं. मिस्त्रीला थर्मामीटर वाचताना ओठ हलवावे लागत. पण दुसऱ्या आठवड्यात त्यानं एक चाळा सुरू केला. चालू इंजिनाच्या कार्ब्युरेटरच्या गळ्यावर तो तळहात ठेवायचा, ताप पाहतात तसा. डोळे मिटून थोडं थांबायचा आणि म्हणायचा, "साब, दो मिन्ट में बैठेगा." आणि दोन मिनिटांत इंजिन खोकून बसायचं, म्हणजे बंद पडायचं.

साहेब आधी हसला. मग त्यानं घड्याळ लावून पाहिलं. मग तो माझ्याकडे बघायचाच थांबला. मी थर्मामीटरचा आकडा ओरडून सांगतो आहे, आणि साहेबाची नजर त्या काळ्या, भेगाळलेल्या हातावर. दुपारचा डबा मी तसाच घरी परत न्यायचो. मला खरंच वाटायचं की हा माणूस काहीतरी लबाडी करतो आहे, पायानं हवेची झडप, ते थ्रॉटल, दाबतो आहे किंवा काय. मी वाकून त्याचे पाय पाहिले आहेत. ते जागच्या जागी असायचे.

एक कबुली देतो. मी घरी हात लावण्याचा सराव केला. मोरीतला माठ, स्वयंपाकघरातली कळशी, विहिरीचं ताजं पाणी, कालचं पाणी, सगळ्यांवर डोळे मिटून तळहात ठेवून पाहिला. आठवडाभरात मला एवढंच कळलं की सगळं गार लागतं. आईनं एकदा मला असं कळशीला कवटाळून बसलेलं पाहिलं आणि आल्या पावली परत गेली.

मग स्पिरिट आलं. ते मोहाच्या फुलांचं होतं. आमच्या भागात दुसरं कशाचं येणार. डिस्टिलरीतून सरकारी शिक्क्याच्या पिंपात यायचं, आणि साहेबाच्या देखत कळीच्या चुन्यावर ठेवून त्यातलं उरलंसुरलं पाणी काढलं जायचं. मापानं काढून सही करून आम्ही ते घ्यायचो. शंभर भाग पेट्रोल आणि दोन भाग स्पिरिट. एक दिवस मी मिसळायचं आणि इंजिन चालवायचं, एक दिवस मिस्त्रीनं. दोघांचे डबे वेगळे. गॅलनचा पत्र्याचा डबा, अरुंद तोंडाचा, तळाशी आत दुमडलेली कड. इंजिनाला जाणारी नळी तळापासून दोन बोटं वर लावलेली, म्हणजे गाळ ओढला जाऊ नये.

पहिले तीनचार दिवस छान गेले. माझे आकडे, त्याचे आकडे, सारखे. स्पिरिट घातलं की इंजिन अर्धा अर्धा तास बंद पडत नव्हतं. साहेब खूश.

मग एका संध्याकाळी घरी आलो, सदरा काढला, आणि आई तो हातात घेऊन उभी राहिली. "हा कसला वास येऊन राहिला रे?" मी म्हणालो पेट्रोलचा. तिनं पुन्हा वास घेतला. "मले पेट्रोल समजत नाही असं नाही. मोहाची आहे ना ही?" आमच्या घरात दारूचं नाव सुपारी चघळतानाच्या गप्पांतसुद्धा कोणी काढत नसे. मी तिला सगळं समजावलं, तिनं ऐकूनही घेतलं, पण सदरा तिनं दोन बोटांत धरून बाहेर नेला आणि त्या रात्री माझं ताट वेगळं वाढलं. वडिलांना तिनं सांगितलं नाही. ती सांगेल या धाकानं मी अर्धा झालो.

दुसऱ्या दिवसापासून मी स्वच्छता धरली. काम संपलं की हात राखेनं घासायचे, नरसाळं घासायचं, आणि माझे डबे नळाखाली नेऊन तीनतीनदा खळखळून विसळायचे आणि दगडावर पालथे घालायचे. तशीही आमच्याकडची शिस्तच ती. न विसळलेलं भांडं आमच्याकडे पाणी प्यायलासुद्धा कोणी उचलत नाही. मिस्त्री मात्र त्याचा डबा तेलकट फडक्यानं बाहेरून पुसायचा आणि थोडं पेट्रोल आत फिरवून ओतून टाकायचा, बस्स. त्याच्या डब्याच्या बाजूला उभं राहिलं तरी मोह घमघमायचा. तो जाताजाता मला नळाशी बघायचा, क्षणभर थांबायचा, आणि पुढे जायचा. मला वाटायचं, घाणेरड्याला स्वच्छतेची लाज वाटते आहे.

आणि त्याच आठवड्यापासून माझं नशीब फिरलं. माझ्या दिवशी इंजिन पाच मिनिटांत बसायचं. काचेतून पाहिलं तर थ्रॉटलच्या झडपेवर बर्फाची कड, जणू स्पिरिटचा थेंब घातलेला नाही. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीच्या पाळीला तेच इंजिन, तीच पेटी, त्याच ताट्या, आणि ते अर्धा तास फुरफुरत राहायचं. मी माप पुन्हा तपासलं. ताट्या जास्त भिजवून पाहिल्या, कमी भिजवून पाहिल्या. मिसळताना सही केलेला आकडा मी दोनदोनदा पाहिला. तीन आठवडे हेच. वहीत एका पानावर माझी पाच, सहा, पाच मिनिटं, आणि समोरच्या पानावर त्याची एकतीस, तेहेतीस, तीस. ते आकडे मला माझ्याच तांबड्या शाईनं लिहावे लागत होते.

साहेब चिडला. त्याचा अहवाल अडला होता. दोन माणसांचे दोन निकाल वर पाठवता येत नाहीत. "एक सच है, एक झूठ है," तो म्हणाला, आणि माझ्याकडे पाहून म्हणाला.

मी रात्रभर तळमळलो वगैरे काही नाही. मला सरळ उत्तर दिसलं, कारण मला ते हवं होतं. मिस्त्री स्पिरिट दुप्पट घालतो. सही दोन भागांची करतो आणि चार घालतो. म्हणून त्याचं इंजिन चालतं, म्हणून त्याच्या डब्याला एवढा वास. माझं इंजिन बसतं ते मी प्रामाणिक आहे म्हणून. हे मी मनात इतक्यांदा म्हटलं की पाहिल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री बर्फ आणायला गेला असताना मी साहेबाच्या टेबलापुढे उभा राहिलो आणि बोललो. मी पाहिलं आहे, असं म्हणालो नाही. मला शंका आहे, असं म्हणालो. पण शंका मी अशा सुरात सांगितली की त्यानं ती साक्ष म्हणूनच घ्यावी.

साहेबानं तोंडातला पाइप खाली ठेवला. म्हणाला, दोघं आपापले डबे नेहमीसारखे आजच भरून ठेवा, मी कुलूप लावतो. उद्या मी नळीत तपासणार.

ती तपासणी सोपी असते. खुणा केलेल्या काचेच्या उभ्या नळीत थोडं पाणी घ्यायचं, वर पेट्रोल घालायचं, बूच लावून हलवायचं. स्पिरिट पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं, पाण्याची रेघ तेवढी वर चढते. रेघ किती चढली त्यावरून स्पिरिट किती ते कळतं. पिंपं आली की आम्ही ही तपासणी करायचोच. मला ती पाठ होती. पाणी स्पिरिटला किती ओढून घेतं हे मी कॉलेजात परीक्षेत लिहून आलो होतो.

सकाळी शेडमध्ये आम्ही तिघंच. आधी मिस्त्रीचा डबा. साहेबानं नळी हलवली, उजेडात धरली. रेघ चढली आणि बरोब्बर दोन भागांवर थांबली. कमी नाही, जास्त नाही. मी ते तीनदा वाकून पाहिलं.

मग माझा डबा. साहेबानं नळी हलवली, उजेडात धरली, खाली ठेवली, पुन्हा हलवली. रेघ जागची हलली नव्हती. माझ्या पेट्रोलमध्ये स्पिरिट नव्हतंच.

साहेबानं स्पिरिटची वही ओढून माझ्या सह्या मोजल्या. तीन आठवडे, एक दिवसाआड, माझी सही. घेतलेलं स्पिरिट पेट्रोलमध्ये नाही, तर कुठे आहे? त्यानं विचारलं नाही, पण माझ्या सदऱ्याकडे पाहिलं, मग तोंडाकडे. मला कळलं तो काय बघतो आहे. मोहाचं स्पिरिट, सरकारी शिक्क्याचं. एक तर मी विकलं किंवा प्यायलं. जागा तर गेलीच होती, पण आता प्रश्न जागेचा नव्हता. अबकारीचा माणूस घरी येणार, वडील दार उघडणार, आणि आत आई उभी असणार, जिनं तो वास आधीच घेतलेला आहे. मी म्हणालो, "साहेब, मी घातलं. मी रोज घातलं." तो आवाज मला स्वतःलाच खोटा वाटला.

तेव्हा मिस्त्री पुढे आला. त्यानं माझा डबा उचलला आणि कानाशी धरून हलवला. मग डब्याच्या नळीवाटे, आणि शेवटी डबा अलगद कलता करून, वरचं पेट्रोल दुसऱ्या भांड्यात काढलं, सगळं, आणि राहिलेला डबा तिरपा करून तळाच्या दुमडलेल्या कडेतलं जे होतं ते आपल्या तळहातावर ओतलं. वाटी-दीड वाटी असेल. बाकीचं बोटांतून खाली गेलं. त्यानं हात नाकाशी नेला, आणि साहेबापुढे धरला.

"साब, ये रहा स्पिरिट. पानी में."

साहेबानं वास घेतला. मग त्या तळहातात आपलं बोट बुडवून जिभेला लावलं. मग तो नळाकडे चालत गेला, दगडावर पालथा घातलेला माझा दुसरा डबा त्यानं उचलला, सरळ केला आणि हलवला. आत पाणी डचमळलं. रोज विसळून पालथा घातलेला डबा, अरुंद तोंड दगडाला चिकटलेलं, आतली कड. पाणी निथळायला जागाच नव्हती. मी त्यात पेट्रोल घालायचो, स्पिरिट घालायचो, आणि ते स्पिरिट तळाच्या पाण्यात जाऊन बसायचं. दोन बोटं वर लावलेली नळी इंजिनाला कोरं पेट्रोल पाजायची. परीक्षेत लिहिलेलं ज्ञान माझ्या पायाशी तीन आठवडे डचमळत होतं.

साहेब हसला नाही, ते त्याचे उपकार. माझी तीन आठवड्यांची पानं त्यानं वहीतून रेघ मारून काढली आणि मिस्त्रीची ठेवली. जागा कोणाची हे त्यानं बोलून दाखवलं नाही. सोमवारपासून यार्ड, एवढंच मला म्हणाला. चोर म्हणून घरी जायचं होतं तो मी नुसता वेंधळा म्हणून घरी निघालो, आणि याचे आभार ज्याचे मानायचे त्याच्याकडे मला बघवत नव्हतं. मला वाचवल्याबद्दल मी त्या क्षणी त्याचा दुस्वास करत होतो. असं असतं हे सांगायला नको वाटतं, पण असंच होतं.

दुपारी सायकली काढताना तो माझ्याजवळ आला.

"बाबू, मी तुमाले रोज डबा धुताना पाह्यत होतो," तो म्हणाला. "मले वाटलं, शिकल्या मानसाची काई रीत असन. इचारावं म्हनलं, पन तुमी बोलतच नाई. मी बी धुवून पाह्यनार होतो."

मी काहीतरी पुटपुटलो. मग मला वाटलं, आता बोललोच आहे तर चुगलीचं बालंटही अंगावरून झटकून टाकावं. माझं नाव साहेबानं घेतलं नसणार असं मी धरून चाललो होतो. म्हणालो, "मिस्त्री, साहेबाचे कान कोणी भरले कोण जाणे, तुम्ही स्पिरिट जास्त घालता म्हणून."

त्यानं सायकलचं पायडल पायानं मागे फिरवलं.

"साहेबानं सांगतलं मले, कालच, कुलूप लावल्यावर. तुमचं नाव घेऊनच सांगतलं."

पत्र्यावर ऊन तापत होतं. सोनेगावकडून एक लॉरी आली आणि धुरळा उडवत निघून गेली. मला त्या धुरळ्यात निघून जायचं होतं. तरी मी विचारलं, कारण न विचारता मला तिथून हलता आलं नसतं. "काल कळलं तुम्हाला. मग आज काहून सांगितलंत? गप्प बसला असता तर काय बिघडत होतं तुमचं?"

त्याला प्रश्न नीट कळला नसावा. तो माझ्याकडे बघत राहिला, थर्मामीटर वाचताना बघायचा तसाच, ओठ थोडे हलवत.

"पानी होतं ना डब्यात," तो म्हणाला.

आणि सायकलवर टांग टाकून गेला. मी दांड्यावर हात ठेवून तिथेच उभा राहिलो. त्याच्या हाताचा हेवा करण्यात मी सगळा पावसाळा घालवला होता. तो हात मला पुढेमागे शिकता आला असता, दहा वर्षं इंजिनावर काढून. पण त्याच्या जागी मी असतो, डबा माझ्या हातात असता आणि आतलं पाणी मला कानाला ऐकू आलं असतं, तर मी तो अलगद खाली ठेवला असता आणि काही बोललो नसतो. हे मला तिथे, भर उन्हात, अगदी स्वच्छ कळलं.